छोट्या टेरियरचं ग्रूमिंग: घरी काय करायचं, ग्रूमरवर काय सोडायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), वेस्टी (वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर), केर्न, स्कॉटी (स्कॉटिश टेरियर), बॉर्डर, नॉरफोक, जॅक रसेल... छोटा टेरियर घरात आला की पहिल्या वर्षात सगळ्यांना तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी टाकतेय. क्रम वगैरे काही नाही, जे जास्त विचारतात ते आधी.

टेरियर म्हटलं की ग्रूमिंग सगळ्यांचं सारखंच ना?

अजिबात नाही, आणि सगळे घोळ इथूनच सुरू होतात. यॉर्की आणि सिल्की टेरियरचे केस रेशमी, लांब, अंडरकोट (कातडीलगतचा मऊ केसांचा थर) जवळपास नाहीच, आणि ते वाढतच राहतात, कापले नाहीत तर जमिनीला टेकतात. वेस्टी, केर्न, स्कॉटी, बॉर्डर, नॉरफोक, नॉरिच हे वायर कोटवाले, म्हणजे वर जाड खरखरीत केस आणि आत मऊ दाट अंडरकोट. ही कुत्री मुळात बिळात घुसून उंदीर-कोल्हे हुसकवायला पाळलेली, त्यामुळे कोटच असा की काटेकुटे आतपर्यंत जात नाहीत आणि चिखल वाळला की झडून जातो. तिसरे स्मूथवाले, आखूड चकचकीत केसांचे. जॅक रसेलचं तर विचारूच नका, स्मूथ, रफ आणि मधला ब्रोकन असे तिन्ही कोट त्यात असतात आणि एकाच वेतातली पिल्लंही वेगवेगळ्या कोटची निघतात.

ओळखायचं कसं, तर खांद्यामागे पाठीवरचे चार केस चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत बोटं फिरवा. रेशमी असतील तर बोटं सटकन घसरतात. वायर असेल तर केस मुळाशी बारीक आणि टोकाकडे जाड, कडक लागतो, आणि केस बाजूला सारले की आत मऊ, बऱ्याचदा फिकट रंगाचा थर दिसतो. हे एकदा बघून ठेवा, कारण ब्रश कुठला, आंघोळ किती, कात्री की स्ट्रिपिंग (मेलेले केस हाताने उपटून काढणं) हे सगळं कोटवर ठरतं.

रोज विंचरायलाच हवं का? वेळ नसतो हो.

लांब केसांची यॉर्की असेल तर हो, रोज, पाच-दहा मिनिटं. आखूड कट ठेवला असेल तर एक दिवसाआड चालतं. वायर कोटला आठवड्यातून दोनदा, पण दाढी आणि पायांचे केस जास्त वेळा. स्मूथला रबरी ब्रशने आठवड्यातून एकदा-दोनदा चोळलं की झालं. वेळ खरंच नसेल तर केस आखूडच ठेवा, त्यात लाज कसली, लांब केस ठेवून आतून जटा होऊ देण्यापेक्षा आखूड कट कधीही बरा. फोटो छान येतात म्हणून लांब केस ठेवणारे आणि महिन्यातून एकदा विंचरणारे, यांच्या कुत्र्यांचे हाल मला बघवत नाहीत.

सामान काय काय घ्यायचं? दुकानात तर भिंतभर ब्रश टांगलेले असतात.

भिंतभर काही लागत नाही. स्टीलचा कंगवा ज्याचे अर्धे दात लांब-लांब आणि अर्धे जवळजवळ असतात तो सगळ्यात महत्त्वाचा, एकच वस्तू घ्यायची झाली तर हाच घ्या. रेशमी केसांना पिन ब्रश, पण पिनांच्या टोकाला ते प्लास्टिकचे गोळे नसलेला, कारण गोळ्यांत केस अडकून तुटतात. वायरला मऊ पिनांचा स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश. शिवाय कुत्र्यांचं नेल कटर, पुढे गोल टोकाची छोटी कात्री, केस सोडवायचा स्प्रे आणि रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर. अंडरकोट काढतो म्हणून एक ब्लेडवाला डिशेडिंग ब्रश खूप खपतो, तो यॉर्कीवर चुकूनही वापरू नका, तिथे काढायला अंडरकोट नसतोच आणि चांगले केस तुटतात.

मी रोज ब्रश करतो तरी ग्रूमर म्हणतो आत जटा आहेत. कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. ब्रश वरवरून फिरतो, वरचे केस मऊ चमकदार दिसतात आणि कातडीजवळ नमदा जमत राहतो. उपाय म्हणजे थर काढून विंचरणं. कुत्र्याला कुशीवर झोपवा, एका हाताने केस वर सारून धरा म्हणजे खाली कातडीची एक रेघ दिसेल, मग त्या रेघेपासून खालच्या बाजूला थोडेथोडे केस ब्रशने सोडवा, की पुढची रेघ. असं पायापासून सुरू करून वर पाठीपर्यंत जायचं. शेवटी कंगवा, आणि कंगवा कातडीला टेकवून टोकापर्यंत न अडकता निघाला तरच ती जागा झाली म्हणायची. अडकला की तिथे परत ब्रश. कोरड्या केसांवर ब्रश ओढू नका, यॉर्कीचे तर अजिबातच नाही, आधी पाण्यात थोडं कंडिशनर घालून फवारा मारा नाहीतर केस टोकाला तुटून फुलतात.

आणि जटा कुठे होतात ते ठरलेलं आहे. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली किंवा हार्नेस घासतो तिथे, दाढीत, पायाच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. घाईच्या दिवशी निदान एवढ्या जागा तरी बघाच. हार्नेस घरात आल्यावर काढून ठेवला तर काखेतल्या निम्म्या जटा होणारच नाहीत.

जट झालीये. कात्रीने कापून टाकू का?

थांबा! कात्री नको. जट घट्ट झाली की खालची कातडी तंबूसारखी वर खेचली जाते आणि बाहेरून ते कळतच नाही, कात्री लावली की केसांबरोबर कातडीची चकती निघते. टेरियरच्या कानामागची आणि काखेतली कातडी पातळ असते, जखम भसकन उघडते आणि टाके घालायला पळावं लागतं. असं करा: आधी जटेवर स्प्रे मारून दोन मिनिटं ठेवा, मग दोन्ही हातांच्या बोटांनी जट उभी-उभी फाडत तिचे दोन-तीन तुकडे करा, मग मुळाशी एका हाताने घट्ट धरून ठेवा म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही, आणि कंगव्याच्या टोकाच्या दातांनी जटेच्या बाहेरच्या टोकापासून आत-आत सोडवत या. मुळापासून ओढत बाहेर यायचं नाही, ते उलटं आहे आणि दुखतं. कंगवा कातडी आणि जट यांच्यामधून जात नसेल तर घरी नाद सोडा, ते क्लिपरचंच (केस भादरायच्या मशीनचं) काम.

आणि जट असताना आंघोळ घालू नका. पाणी लागलं की जट आवळते आणि वाळली की दगड होते. आधी विंचरणं, मग पाणी, हा क्रम कधीच बदलायचा नाही.

हँड स्ट्रिपिंग म्हणजे नेमकं काय? केस उपटतात म्हणे, दुखत नाही का?

वायर कोटचा बाहेरचा केस ठराविक लांबीपर्यंत वाढतो आणि मग मरतो, पण मेल्यावर आपसूक गळून पडत नाही, मुळात सैल होऊन तिथेच बसून राहतो. तो हाताने काढायचा म्हणजे त्याच जागी नवा, कडक, गडद केस येतो. केस तयार आहे की नाही हे बघायला पाठीवरचे थोडेसे केस अंगठा आणि बोट यांच्यात टोकाकडे धरून वाढीच्या दिशेने हलका झटका द्या. तयार असतील तर सहज हातात येतात आणि कुत्रं मान वळवून बघतसुद्धा नाही. कुत्रं आक्रसलं, कातडी ओढली गेली, तर कोट तयार नाही, पंधरा दिवसांनी परत बघा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, एका वेळी थोडेच केस, मनगट न वाकवता सरळ मागे ओढायचं. मनगट वाकलं की केस तुटतो, निघत नाही. बोटं घसरतात म्हणून खडूची पूड किंवा रबरी टोप्या लावतात. स्ट्रिपिंग नाइफ मिळतो तो पकड यावी म्हणून, त्याला धार नको, धारेचा असेल तर तुम्ही स्ट्रिपिंग करताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात केस कापत बसाल.

पोट, जांघ, गळ्याचा खालचा भाग, गुद्द्वाराजवळ स्ट्रिपिंग करू नका, तिथे खरंच दुखतं, तिथे कात्री किंवा क्लिपर. आंघोळ त्याच दिवशी नको, आधी घातली तर केस निसरडे होतात आणि नंतर लगेच घातली तर मोकळ्या झालेल्या मुळांना शॅम्पू झोंबतो, दोन-तीन दिवस जाऊ द्या.

दोन पद्धती आहेत. एक म्हणजे वर्षातून दोनदा सगळा कोट एकदम काढायचा, मग काही आठवडे कुत्रं नुसत्या बनियनवर फिरल्यासारखं दिसतं, घाबरू नका, नवा कोट भरायला दोन-तीन महिने लागतात. दुसरी म्हणजे दर आठवड्याला थोडे-थोडे लांब झालेले केस काढत राहायचं, म्हणजे कोट कायम एकसारखा राहतो, शोवाले असंच करतात. मला विचाराल तर घरच्या माणसाला दुसरी पद्धतच सोपी. संध्याकाळी कुत्रं मांडीजवळ पडलेलं असतं, हाताने चार-चार केस काढत राहा, त्याला लाड वाटतात आणि तुमचं काम होतं. आणि हो, यॉर्की आणि सिल्कीला स्ट्रिपिंग नसतं, कुणी सुचवलं तर त्या माणसाला नमस्कार करून निघा.

आमच्या ग्रूमरने वेस्टीला क्लिपर मारला. बिघडलं का काही?

कुत्र्याची तब्येत बिघडत नाही. बहुतेक घरगुती वेस्टी, स्कॉटी क्लिपरवरच असतात. फक्त मेलेला केस मुळात तसाच राहतो, वरचं कडक टोक कापलं जातं आणि अंडरकोट वरचढ होतो, त्यामुळे कोट हळूहळू मऊ, कापसासारखा होतो आणि रंग असलेल्या जातींत तो फिका पडतो. केर्न किंवा बॉर्डरमध्ये हे लगेच दिसतं. मऊ कोटला चिखल जास्त चिकटतो आणि जटाही जास्त होतात. परत कडक करता येतो का? बऱ्याचदा येतो, पण सबुरी लागते, वाढू द्यायचा, थोडा-थोडा स्ट्रिप करायचा, एक-दोन फेऱ्यांत फरक पडतो. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचा अंडरकोट आधीच फुलतो, तिथे हट्ट सोडा आणि क्लिपरच ठेवा. स्ट्रिपिंग हवं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, सगळ्या ग्रूमरना ते येत नाही आणि वेळही दुप्पट-तिप्पट लागतो.

उन्हाळ्यात गोटाच करून टाकला तर? गरम होत असेल बिचाऱ्याला.

वायर कोटचा गोटा नको. कुत्रं गारवा मिळवतं ते मुख्यतः धापा टाकून, आपल्यासारखं अंगभर घाम येऊन नाही, त्यामुळे केस काढले म्हणजे गारेगार झालं असं गणित नसतं, उलट कातडी उघडी पडून ऊन भाजतं, पांढऱ्या वेस्टीला तर फारच. अंडरकोटवाल्या कुत्र्यांत कधीकधी अगदी मुळापर्यंत काढलेले केस महिनोन्‌महिने नीट परत येत नाहीत तो वेगळाच ताप. त्यापेक्षा मेलेला अंडरकोट विंचरून काढा, हवा खेळते. पोटाखालचा भाग आखूड केला तर चालेल, थंड फरशीवर पोट टेकवून पडायला बरं वाटतं. यॉर्कीला आखूड कट खुशाल द्या, पण कातडी दिसेल इतका नको, एक-दीड सेंटीमीटर तरी राहू द्या.

घरी क्लिपर घेतलाय. ब्लेडच्या नंबरांनी डोकं फिरलंय.

नंबर जितका मोठा तितका कट आखूड, बस. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७एफ साधारण ३, ५एफ साधारण ६, ४एफ साधारण ९ ते १०. ३ ते ७ नंबरांत एफ लिहिलेलंच ब्लेड घ्या, त्याचे दात एकसारखे असतात. त्या नंबरांच्या एफ नसलेल्यात एक दात लांब एक आखूड असतो आणि त्या फटीत कातडीची घडी सापडते. ३० आणि ४० नंबर ग्रूमरसाठी, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. १० नंबर पोट, जांघ, पंजाच्या खालच्या बाजूला पुरतो. ब्लेड कातडीला समांतर टेकवायचं, टोक खुपसायचं नाही, आणि केस स्वच्छ, विंचरलेले, पूर्ण वाळलेले हवेत.

ब्लेड तापतं हे कुणी सांगत नाही. दर तीन-चार मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, तुम्हाला चटका जाणवला तर कुत्र्याच्या पोटाची काय गत होईल. तापलं की बदला, गार होऊ द्या, तेलाचे दोन थेंब टाका. दुसऱ्या दिवशी कुत्रं एकच जागा चाटत बसलं आणि तिथे लाल चट्टा दिसला तर बहुतेक ब्लेडचा चटका असतो.

आंघोळ किती वेळा? आणि आपला शॅम्पू चालतो का, बेबी शॅम्पू तरी?

यॉर्कीला दोन-तीन आठवड्यांनी, वायरला महिना-दीड महिन्याने किंवा खरंच घाण झाला असेल तेव्हा, स्मूथला त्याहूनही कमी. आपला शॅम्पू नको, माणसाच्या कातडीचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास, कुत्र्याचा त्यापेक्षा वर, न्यूट्रलच्या जवळ, आणि कातडीही पातळ. एखाद्या वेळेस बेबी शॅम्पू लागला म्हणून आभाळ कोसळत नाही पण नेमाने नको. टी ट्री ऑइल मात्र कुठल्याही रूपात नको, नैसर्गिक म्हणून लोक लावतात आणि कुत्र्यांना त्याची विषबाधा होते.

पाणी कोमट. शॅम्पू थेट पाठीवर ओतू नका, मगभर पाण्यात पातळ करून घाला, नाहीतर एका जागी साचतो आणि निघतच नाही. केस वाढीच्या दिशेने दाबत धुवायचे, डोक्यावरून न्हाऊ घालताना आपण चोळतो तसं गोल-गोल चोळलं की गुंता तयार. आणि धुणं जितका वेळ चाललं असं वाटतं त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पाणी टाका, काखेत, पोटाखाली, बोटांमध्ये. आंघोळीनंतर खाज सुटण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे राहिलेला साबण. व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) औषधी शॅम्पू दिला असेल तर तो सांगितलेला वेळ, बहुधा दहा मिनिटं, अंगावर तसाच राहू द्यायचा, लगेच धुतला तर पाण्यात गेलं.

आपोआप वाळू दिलं तर?

स्मूथला चालेल. बाकीच्यांना टॉवेलने दाबून-दाबून टिपा आणि ड्रायर कमी गरम ठेवून, मधे आपला हात धरून, ब्रश करत वाळवा. ओलसर अंडरकोट तसाच राहिला की वास मारतो, कातडी खराब होते.

यॉर्कीचं पिल्लू काळं आणलं होतं, आता पाठ राखाडी होतेय. शॅम्पूमुळे?

नाही हो, यॉर्की जन्मतःच काळी-तपकिरी असते, पाठ हळूहळू निळसर पोलादी रंगाची होते, दोन-तीन वर्षंही लागतात. शॅम्पू बिचारा निर्दोष.

डोळ्याखाली आणि दाढीला लालसर-तपकिरी डाग पडलेत, जातच नाहीत.

अश्रू आणि लाळेत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते पांढऱ्या केसांवर बसतं आणि उजेडात गडद होतं. केस एकदा रंगले की पुसून जात नाहीत, वाढून कापले जातात तेव्हाच जातात. तुमच्या हातात काय, तर रोज कोमट पाण्याच्या कापसाने डोळ्याचे कोपरे पुसणं, जेवणानंतर आणि पाणी प्यायल्यावर दाढी पुसून कंगवा मारणं, डोळ्यात जाणारे केस आखूड ठेवणं. डोळ्याजवळ कात्री कायम डोळ्याला समांतर, टोक डोळ्याकडे कधीच नाही. पण डोळे अचानक जास्त गळायला लागले, एकाच डोळ्यातून पाणी येतंय किंवा पिवळं येतंय तर ते ग्रूमिंगचं काम नाही. पंजे चाटून चाटून तपकिरी झालेत, आंबूस वास येतोय, हेसुद्धा व्हेटचं खातं. वेस्टींना कातडीची ऍलर्जी फार होते आणि त्यावर यीस्ट वाढतं, ब्रश कितीही भारी घेतला तरी त्याने बरं होणार नाही.

कानातले केस उपटायचे की नाही?

निरोगी कान असेल तर हात लावू नका, उपटल्याने आत सूज येऊन उलट त्रास सुरू होऊ शकतो. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या कानाचं व्हेट सांगेल ते करा. साफ करायचं म्हणजे कानाचं लिक्विड घालून मुळाशी चोळायचं, कुत्र्याला डोकं झाडू द्यायचं, वर आलेला मळ कापसाने टिपायचा. कान कोरायच्या काड्या नकोत. यॉर्की आणि वेस्टीच्या कानाच्या वरच्या साधारण एक तृतीयांश भागावरचे केस आखूड ठेवतात, त्यामुळे कान हलके राहून उभे राहतात. कडेने कापताना कानाची कड आधी चिमटीत धरा आणि चिमटीच्या बाहेरचेच केस कापा, म्हणजे कान कात्रीत येणार नाही.

नखं काळी आहेत, नस दिसत नाही. हात थरथरतो.

पातळ-पातळ चकत्या काढत जा. प्रत्येक चकतीनंतर नखाचं कापलेलं तोंड बघा, आधी कोरडं, खडूसारखं दिसतं, मग मधोमध एक गडद ओलसर ठिपका दिसायला लागतो, तिथे थांबायचं. रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर दाबून धरा, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर, आणि दोन-तीन मिनिटं बोट न उचलता दाबा. सारखं उचलून बघितलं तर थांबत नाही. फरशीवर टकटक आवाज येतोय म्हणजे नखं वाढलीत. खूप वाढलेली असतील तर एकदम आखूड करता येत नाहीत कारण नसही लांब झालेली असते, आठवड्याला थोडं-थोडं कापलं की नस मागे सरकते. पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं नख विसरू नका, ते जमिनीला घासत नाही त्यामुळे गोल वळून कातडीत घुसतं. पॅडमधले केसही याच बैठकीत कापून टाका, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात ते बहुतेक त्यामुळे.

दातसुद्धा घासायचे?

हो, आणि रोज. एवढ्याशा जबड्यात ४२ दात दाटीवाटीने बसलेले असतात, छोट्या जातींचे दात लवकर खराब होतात आणि यॉर्की त्यात पुढे. माणसाची टूथपेस्ट नको, ते गिळतात, आणि तिच्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांना विष आहे. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून बघा, दुधाचा सुळा तसाच आणि शेजारी नवा, असे जोडसुळे दिसले तर व्हेटला दाखवा. पार्लरमध्ये भूल न देता दात खरवडून देतात, वरून पांढरे दिसतात पण हिरडीखालची घाण तशीच राहते, तेवढ्यावर समाधान मानू नका.

पिल्लाला ग्रूमरकडे पहिल्यांदा कधी न्यायचं?

लसीकरण पूर्ण झालं आणि व्हेटने बाहेर न्यायला हरकत नाही म्हटलं की लगेच, केस वाढायची वाट बघू नका. पहिल्या खेपेला कट नकोच, टेबलावर उभं राहणं, ड्रायरचा आवाज, पंजे हातात देणं, थोडा खाऊ, की परत घरी. घरी मात्र पिल्लू आलं त्या आठवड्यापासून रोज एक मिनिट पंजा धरा, कान उघडा, ओठ उचला, बंद क्लिपर पाठीला लावा, मग दोन दिवसांनी चालू करून नुसता आवाज. टेरियर हुशार आणि हट्टी जात, पहिल्या दोन खेपांत जे मनात बसतं ते वर्षानुवर्षं काढत बसावं लागतं.

आमचा गुरगुरतो, नखांना हात लावला की चावायला येतो. ग्रूमर झोपेची गोळी देईल का?

ग्रूमरने देऊ नये, देत असेल तर तिथून कुत्रं उचला. औषध द्यायचं की नाही हे व्हेट तपासून ठरवतो. गुरगुरण्यावर ओरडू नका, गुरगुरणं बंद होईल आणि थेट चावा बसेल. एका दिवशी एकच नख कापा, खाऊ द्या, सोडा. आधी न गुरगुरणारं कुत्रं एखाद्या जागी हात लावू देत नसेल तर तिथे दुखतंय का ते आधी बघा, कान किंवा गुडघा बहुतेक वेळा.

ग्रूमर चांगला की नाही कसं ओळखायचं?

प्रश्न विचारणारा ग्रूमर चांगला. वय, आजार, औषधं, लस, आधी कधी चावलाय का, हे न विचारता नुसता कुठला कट म्हणून विचारत असेल तर मी तरी नाही ठेवणार. काम चालतं ती जागा दाखवायला कां-कूं करतोय का बघा. पिंजऱ्यात ठेवून गरम हवेचा ड्रायर लावून माणूस दुसऱ्या कामाला जातो का हे स्पष्ट विचारा, अति उष्णतेने कुत्री दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. टेबलावर एकटं सोडत नाहीत ना, हेही. एवढ्याशा कुत्र्याने टेबलावरून उडी मारली की पाय मोडतो. आणि कितीही नावाजलेला असला तरी तुमचं कुत्रं दारातूनच मागे ओढत असेल तर दोनदा विचार करा, अर्थात काही नमुने व्हेटच्या दारातही तसंच करतात.

त्याला नेमकं काय सांगायचं?

टेडी बेअर कट, पपी कट ही नावं प्रत्येकाची वेगळी असतात, त्यामुळे लांबी मिलिमीटरमध्ये किंवा बोटाने दाखवा, समोरून आणि बाजूने असे दोन फोटो द्या, दाढी ठेवायची की नाही, शेपटी कशी, कान कसे हे वेगवेगळं सांगा. यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी तीन. यॉर्कीसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका कमकुवत असू शकते, टेबलावरचा फास गळ्यात आवळला की खोकल्याची उबळ येते, म्हणून पट्टा छातीखालून किंवा कमरेला लावायला सांगा. दुसरं, गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास छोट्या कुत्र्यांत भरपूर, मागचा पाय बाजूला खेचून उचलू नका, मागच्या दिशेने थोडासाच उचला असं सांगून ठेवा. तिसरं, अगदी लहान यॉर्कीचं पिल्लू उपाशीपोटी तीन-चार तास ठेवलं तर रक्तातली साखर उतरू शकते, लटपटायला लागतं, त्यामुळे अपॉइंटमेंट छोटी आणि जाण्यापूर्वी थोडं खायला.

नेलं होतं ट्रिमला आणि आणलं तर पार भादरलेलं! न विचारता करतात का असं?

न विचारता करू नये, फोन यायलाच हवा. पण कातडीपर्यंत जटा असतील तर दुसरा दयाळू मार्ग नसतो, तीन तास कुत्र्याला ओढून-ताणून केस वाचवण्यात कुणाचं भलं? भादरल्यावर खाली लाल कातडी, कोंडा, कधी फोड दिसतात, ते बहुतेक आधीपासून जटेखाली दबलेलं असतं. कानावरच्या जटा काढल्यावर एकदम मोकळं वाटून कुत्रं डोकं जोरजोरात झाडतं आणि त्याने कानाच्या पाळीत रक्त साचून पाळी फुगू शकते, पहिला दिवस लक्ष ठेवा, फुगली तर व्हेट.

टेरियरचे केस गळत नाहीत, ऍलर्जीवाल्यांना चालतो, खरं का?

यॉर्की आणि वायरवाले कमी गाळतात, स्मूथ जॅक रसेल मात्र वर्षभर सोफ्यावर रांगोळी काढतो. ऍलर्जी केसांची नसून कोंडा आणि लाळेतल्या प्रोटीनची असते, आणि ते प्रोटीन प्रत्येक कुत्र्यात असतं. आणायच्या आधी त्या कुत्र्यासोबत दोन-चार वेळा तास-तासभर बसून बघा.

मागचा भाग जमिनीवर घासतोय. ग्रूमर शेपटीखालच्या, गुदद्वाराजवळच्या ग्रंथी पिळून देईल ना?

प्रत्येक खेपेला सवयीने पिळायच्या नसतात, बऱ्याच कुत्र्यांत आपोआप रिकाम्या होतात आणि उगाच पिळल्याने सूज येते. घासतोय, चाटतोय, वास येतोय तर व्हेटकडे. आधी शेपूट उचलून बघा मात्र, पुष्कळदा तिथे केसांत शी वाळून चिकटलेली असते आणि तेवढ्याने बिचारा बेजार झालेला असतो.

गोचीड-पिसवांचं औषध मानेवर टाकलंय, उद्या आंघोळीची अपॉइंटमेंट आहे.

पुढे ढकला. मानेवर टाकायची बरीच औषधं कातडीच्या तेलातून पसरतात, त्यामुळे टाकण्याआधी आणि नंतर साधारण दोन दिवस आंघोळ नको, नक्की किती ते पाकिटावर छापलेलं असतं. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन आहे का ते वाचा, मांजरांना ते विषारी असतं, दोघं एकमेकांना चाटत असतील तर दुसरं औषध मागून घ्या.